हरलेल्या फौजेचा सेनापती

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात ना कुठल्या गडाचा वेढा, ना शत्रूची चाल. पावसाळा तोंडावर आला आहे, घोड्यांसाठी दाणा आणि गवत साठवले आहे, ते आताच मनमानेल तसे उधळलेत तर ऐन पावसात काय घालाल, असा त्यात रोकडा सवाल आहे. घोडी उपाशी मेली तर ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुमचे लोक रयतेच्या दारात जाऊन कोणाचे धान्य, कोणाची भाजी, कोणाचा लाकूडफाटा उचलू लागतील आणि रयत म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. पुढे तर महाराज छावणीतल्या दिव्यापर्यंत येतात. रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल.

ज्यांच्या डोक्यात एकाच वेळी मोगल, आदिलशाही आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांचे हिशेब चालू होते, त्यांना उंदराच्या तोंडातली वात दिसत होती. महाराजांचे सेनापतीपण मला या पत्रात जितके दिसते, तितके प्रतापगडाच्या वर्णनातही दिसत नाही.

थोर सेनापती कोणाला म्हणावे, हा वाद फार जुना आहे. अलेक्झांडर की हॅनिबल, नेपोलियन की वेलिंग्टन, अशा जोड्या लावून लोक तासन्‌तास बोलतात. बोलणे बहुधा रणांगणावरच्या एखाद्या दिवसाभोवती फिरते. घोडदळ कुठून घातले, डावी बगल कशी मोडली, तोफा कुठे मांडल्या. ते सारे महत्त्वाचे आहेच. पण त्या दिवसापर्यंत माणसे पोचली कशी, त्यांच्या पोटात काय होते, त्यांच्यापैकी किती तापाने फणफणलेले होते आणि मागच्या लढाईत मार खाल्ला असेल तर पुन्हा उभे राहायला त्यांना कोणी शिकवले, हे प्रश्न मागे पडतात. माझ्या मते सेनापतीची उंची मोजायची ती इथे. ही गोष्ट ज्याच्या चरित्रात सर्वात स्वच्छ दिसते, असा माणूस दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. त्याचे नाव विल्यम स्लिम. त्याच्या फौजेत आपली मराठी माणसेही होती.

स्लिमचा जन्म १८९१ सालचा, ब्रिस्टलचा. घरची परिस्थिती बेताची. इंग्लंडमध्ये सैन्यातले अधिकारी बहुतेक जमीनदार घराण्यांतून आणि महागड्या शाळांतून येत. स्लिमने बर्मिंगहॅममध्ये प्राथमिक शाळेत शिकवले, एका कंपनीत कारकुनी केली. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले म्हणून तो अधिकारी झाला. गॅलिपोलीत जबर जखमी झाला, पुढे मेसोपोटेमियात पुन्हा जखमी झाला. युद्धानंतर तो हिंदुस्थानी लष्करात आला आणि गुरखा पलटणीत रमला. गुरखाली आणि उर्दू बोलायला शिकला. पगार पुरेना म्हणून टोपणनावाने मासिकांत गोष्टी लिहायचा. गरिबांच्या शाळेत फळ्यासमोर उभे राहणे आणि पैशांसाठी सोपे, नेमके लिहिणे या दोन्ही सवयी पुढे त्याला सेनापती म्हणून फार उपयोगी पडल्या, असे मला वाटते. शिपायाला कळेल अशा भाषेत बोलणारे सेनापती मुळात थोडेच असतात.

दुसऱ्या महायुद्धातली त्याची सुरुवात मात्र नामुष्कीची आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदानच्या सरहद्दीवर गल्लाबात इथे इटालियनांविरुद्ध त्याच्या ब्रिगेडने किल्ला घेतला, पण शत्रूच्या विमानांनी भाजून काढल्यावर एक पलटण फुटून पळाली आणि स्लिमने माघार घेतली. थोडे धाडस केले असते तर पुढचे ठाणेही पडले असते, आपण त्या वेळी आपल्याच भीतीचे ऐकले, असे त्याने नंतर स्वतः लिहून ठेवले. हे लिहायला त्याला कोणी भाग पाडले नव्हते.

मार्च १९४२ मध्ये त्याला ब्रह्मदेशात बोलावले गेले तेव्हा खेळ जवळजवळ आटोपला होता. फेब्रुवारीत सित्तांग नदीवरचा पूल शत्रूच्या हाती पडू नये म्हणून उडवून दिला गेला, तेव्हा सतराव्या हिंदी डिव्हिजनच्या दोन ब्रिगेडी पलीकडच्या काठावरच अडकलेल्या होत्या. ८ मार्चला रंगून पडले. समुद्राकडून येणारी रसद आणि कुमक त्यासरशी बंद झाली. मागे हिंदुस्थानात जायला धड रस्ताही नव्हता. जपान्यांची पद्धत ठरलेली होती. ब्रिटिश फौज मोटारी आणि तोफा घेऊन रस्त्याला चिकटून बसायची. जपानी तुकड्या रानातून बगल देऊन पाठीमागे निघायच्या आणि रस्त्यात झाडे, ट्रक टाकून वाट अडवून बसायच्या. पाठीमागे शत्रू आला म्हटल्यावर पुढची सारी फळी मागे वळायची. हा एकच डाव पुन्हा पुन्हा लागू पडत होता.

एप्रिलमध्ये येनांगयाउंगच्या तेलविहिरींजवळ एक डिव्हिजन घेरली गेली. उन्हाळा, पाण्याचा थेंब नाही, विहिरी शत्रूला मिळू नयेत म्हणून स्लिमनेच पेटवायला लावलेल्या, आभाळ काळ्या धुराने भरलेले. जनरल सुन ली-जेन यांच्या चिनी सैनिकांनी मदतीला येऊन वाट मोकळी करायला हात दिला. त्यानंतर मागे, आणखी मागे. रंगूनच्या परिसरातून निघालेली ही माघार सुमारे दीड हजार किलोमीटरची झाली. ब्रिटिश लष्कराच्या इतिहासात एवढी लांब माघार दुसरी नाही. मे महिन्यात पाऊस फुटला आणि त्या पावसात हिवतापाने, आमांशाने खंगलेली माणसे मणिपूरच्या डोंगरात पोचली. कपड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, पण बंदुका खांद्यावर होत्या आणि तुकड्या तुकड्यांनीच चालत होत्या. स्लिम वाटेवर उभा राहून त्यांना पाहत होता. इंफाळला त्यांना ना निवारा मिळाला, ना नीट अन्न. पळून आलेल्यांचे स्वागत कोण करणार, असाच तिथला भाव होता.

इथून स्लिमची खरी कारकीर्द सुरू होते. हरलेल्या सेनापतीसमोर दोन वाटा असतात. दोष दुसऱ्यावर टाकायचा किंवा बसून हिशेब मांडायचा. स्लिम हिशेब मांडत बसला. जपानी शिपाई काही जन्मतः रानातला नव्हता, रान त्यालाही परकेच होते. तो तयारी करून आला होता, आपण आलो नव्हतो. मग आपली माणसे रानात सोडली पाहिजेत, आठवडेच्या आठवडे. पुढे त्याने जे आदेश काढले त्यांत मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो हा: पाठीमागे जपानी आले तर आपण घेरले गेलो असे समजू नका, घेरले गेलेत ते जपानी असे समजा. आणि या फौजेत बिनलढाऊ माणूस कोणी नाही. आचारी असो, कारकून असो, इस्पितळातला असो, ज्याने त्याने आपली जागा राखायची.

नुसत्या आदेशाने धीर येत नाही, हेही त्याला ठाऊक होते. जपानी शिपाई अजिंक्य आहे अशी हवा पसरली होती. ती घालवायला त्याने आधी लहान लहान गस्ती पाठवल्या. चार जण गेले, दोन जपानी मारून परत आले, ती गोष्ट छावणीभर फिरली. मग मोठे हल्ले, पण तेही बेतून. शत्रूची एक कंपनी असेल तर तिच्यावर अख्खी ब्रिगेड, तोफा आणि विमाने घालायची. प्लाटून असेल तर तिच्यावर अख्खी बटालियन. एवढ्याशा कामाला एवढा मोठा घण कशाला, असे कोणी म्हटले, तर त्याचे उत्तर तयार असे. हरलेल्या माणसाला आधी जिंकण्याची चव लागली पाहिजे. ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते, पण मोठ्या विजयाची घाई झालेले कितीतरी सेनापती तिथेच चुकले आहेत.

ऑक्टोबर १९४३ मध्ये तो पूर्वेकडच्या फौजेचा प्रमुख झाला. तिलाच पुढे चौदावी सेना म्हणून ओळखले गेले. तिच्यात ब्रिटिश होते, गुरखे होते, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेचे शिपाई होते, पण सर्वात मोठी संख्या हिंदुस्थानी शिपायांची. पंजाबी, गढवाली, डोगरे, जाट, मद्रासी, मराठे. इतक्या धर्मांची, भाषांची आणि खाण्यापिण्याच्या रिवाजांची फौज जगात दुसरी क्वचितच असेल. युरोपातल्या युद्धापुढे या आघाडीची लंडनला फिकीर नव्हती. दारूगोळा, विमाने, औषधे, सगळ्यांत या सेनेचा नंबर शेवटी. विसरलेली सेना हे नाव शिपायांनीच स्वतःला लावून घेतले होते.

तेव्हाचे आकडे पाहिले की स्लिमपुढे नेमके काय वाढून ठेवले होते ते कळते. १९४३ मध्ये लढाईत जखमी होऊन मागे पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे १२० माणसे आजारी पडून मागे जात होती. एकट्या हिवतापाचे वर्षाचे प्रमाण सेनेच्या एकूण संख्येच्या ८४ टक्के होते. त्यात आमांश, कातडीचे रोग, रानातला कीटकांचा ताप. म्हणजे जपान्यांनी एक गोळीही झाडली नसती, तरी ही सेना काही महिन्यांत संपली असती. तिला वाचवायला रणनीतीचा कुठलाही डाव कामाचा नव्हता, मच्छर आवरणारा माणूस हवा होता.

स्लिमने डॉक्टरांना आपल्या शेजारी बसवले. हिवतापाच्या रोग्याला शेकडो मैल मागे हिंदुस्थानात पाठवले की तो महिनोन्‌महिने परत येत नसे. त्यामुळे आघाडीच्या अगदी जवळ तंबूंची इस्पितळे उभारली, रोगी तिथेच बरा करून काही आठवड्यांत पलटणीत परत पाठवायचा. गंभीर जखमींसाठी विमाने. आणि प्रतिबंधासाठी मेपाक्रीन नावाची गोळी. रोज एक. ही गोळी कडू, ती खाल्ली की कातडी पिवळी पडे, आणि ती खाल्ल्याने पुरुषत्व जाते अशी अफवा शिपायांत पसरलेली. लोक ती हळूच थुंकून टाकत. स्लिमने काय केले? अचानक तपासण्या सुरू केल्या. न सांगता एखाद्या पलटणीत डॉक्टर जायचे आणि सगळ्यांची तपासणी करायचे. निदान ९५ टक्के माणसांच्या अंगात औषध सापडले नाही, तर शिक्षा शिपायाला नाही, पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरची गच्छंती. असे तीनच अधिकारी काढावे लागले. बाकीच्यांना तेवढ्यावरून अर्थ कळला.

या एका गोष्टीपाशी मी मुद्दाम थांबतो. शिपायाने गोळी खाल्ली नाही तर दोष कोणाचा? बहुतेक ठिकाणी उत्तर शिपायाचा असेच येते. स्लिमने उत्तर वर नेले. माणसे माझी, त्यांचे आरोग्य माझे, त्यांच्या अंगात ताप शिरला तर जबाबदार मी, हे पलटणीच्या प्रमुखाला कळले की तो रोज संध्याकाळी रांगेत उभा राहून प्रत्येकाच्या तोंडात गोळी गेलेली पाहणार. १९४५ पर्यंत आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण दिवसाला हजारी एकावर आले. १९४३ मध्ये ते हजारी बारा होते. मला विचाराल तर ब्रह्मदेशची लढाई निम्मी इथेच जिंकली गेली.

पोटाचेही तसेच. रसदीचा मार्ग म्हणजे बंगाल-आसामातली अरुंद रेल्वे, मध्ये ब्रह्मपुत्रा ओलांडायला फेरीबोटी, मग दिमापूरपासून डोंगरातला एकच घाटरस्ता. पुढच्या तुकड्यांना अर्ध्या शिध्यावर राहावे लागले, की स्लिम आपल्या मुख्यालयालाही अर्ध्या शिध्यावर ठेवी. त्याने पुढे पोचणाऱ्या धान्यात फार भर पडत नव्हती, पण टेबलाशी बसून रसदीचे कागद करणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांच्या पोटात भूक उठली की पुढच्या शिपायाची भूक त्यांना आठवे. विमानातून माल टाकायला रेशमी पॅराशूट मिळेनात, तेव्हा त्याने कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांकडून तागाचे पॅराशूट करून घेतले. रेशमी पॅराशूटला वीस पौंडांहून जास्त पडत, याला साधारण एक पौंड. डांबरात भिजवलेले तागाचे कापड अंथरून पावसात टिकणारे रस्ते केले. चिंदविन नदीच्या काठी कलेवाला सागवानाच्या होड्या बांधायचा कारखानाच काढला.

याच काळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये भयानक दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नान्न करून मेली. ज्या रेल्वेवरून आणि ज्या गावांतून या फौजेची रसद जात होती, तिथेच हे घडत होते. त्यामागे ब्रिटिश सरकारची धोरणे होती, युद्धाची निकड होती. एका सेनापतीची थोरवी सांगताना हे झाकून ठेवणे मला प्रामाणिक वाटत नाही. स्लिम ज्या साम्राज्यासाठी लढत होता ते साम्राज्य आपल्यावर राज्य करत होते. समोर जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनेचे हजारो हिंदी जवान होते, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी त्यांनी मणिपूरमध्ये मोइरांगला तिरंगा फडकवला. सुभाषबाबूंच्या हाकेला ओ देणारे आणि चौदाव्या सेनेत लढणारे, दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती. कारण न्याय्य होते का आणि सेनापतीला आपले काम येत होते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर शोधताना पहिला विसरू नये, एवढेच.

फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानात पहिली परीक्षा झाली. जपान्यांनी तोच जुना डाव टाकला. बगलेतून पाठीमागे शिरले, डिव्हिजनचे मुख्यालय उधळले, रस्ता तोडला. दोन वर्षांपूर्वी अशा वेळी सगळे मागे वळत. आता कोणी हलले नाही. रसदीच्या तळाभोवती कारकून, खेचरवाले, डॉक्टर, तोफखान्याचे गोलंदाज, सगळे खंदकात उतरले आणि विमाने वरून अन्न आणि दारूगोळा टाकू लागली. जपानी शिपाई मोजके दिवस पुरेल इतकेच धान्य घेऊन आला होता. ब्रिटिश पळतील आणि त्यांची कोठारे आयती मिळतील, हा त्याचा हिशेब होता. फेब्रुवारी सरता सरता तोच उपाशी मागे फिरला.

आठवड्या-दोन आठवड्यांत मोठे वादळ आले. जनरल मुतागुची याच्या पंधराव्या जपानी सेनेच्या तीन डिव्हिजना, सुमारे ८५ हजार माणसे, चिंदविन ओलांडून इंफाळ आणि कोहिमाकडे निघाल्या. स्लिमला ते अपेक्षित होते. चिंदविनच्या काठावर लढायचे नाही, पुढच्या डिव्हिजना मागे घेऊन इंफाळच्या मैदानात लढायचे, असे त्याने ठरवले. आपले विमानतळ, आपले रणगाडे, आपली कोठारे इथे. शत्रूच्या पाठीशी मात्र डोंगर, नदी आणि येऊ घातलेला पावसाळा. मुद्दाम मागे सरणे हे फौजेच्या मनाला किती झोंबणारे असते ते त्याला माहीत होते. तरी त्याने ते केले.

त्यात तो दोनदा चुकला. मागे येण्याची वेळ ठरवण्यात उशीर झाला आणि सतरावी डिव्हिजन टिड्डिमच्या रस्त्यावर जवळजवळ कोंडली गेली. कोहिमाकडे जपान्यांची एक रेजिमेंट येईल असा त्याचा अंदाज होता, आली अख्खी डिव्हिजन. कोहिमात तेव्हा जेमतेम दीड हजार लढवय्ये होते. पुढे लिहिलेल्या आपल्या ग्रंथात स्लिमने या दोन्ही चुका आपल्या माथी घेतल्या आहेत. कोणाही हाताखालच्या अधिकाऱ्यावर त्या ढकललेल्या नाहीत. युद्धानंतर सेनापतींनी लिहिलेली आत्मचरित्रे चाळली तर हे किती दुर्मीळ आहे ते लक्षात येते.

चूक सावरायला त्याच्याकडे काय होते? एक म्हणजे विमाने. चीनकडे माल नेणारी अमेरिकन विमाने आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचा सरसेनापती माउंटबॅटन याने वळवली आणि आराकानातली पाचवी डिव्हिजन माणसे, तोफा आणि खेचरांसकट उचलून इंफाळ-दिमापूरला आणली. दुसरे म्हणजे जागोजागी जिवावर उदार होऊन थांबलेली माणसे. मराठी वाचकाला त्यांतले एक नाव ठाऊक असायला हवे, सांगशाक. मणिपूरच्या डोंगरातल्या या नागा गावात पन्नासावी हिंदी पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्या जोडीला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. टेकडीवर पाणी नाही, खडक इतका कठीण की खंदक खोल जाईनात, काटेरी तार नाही. विमानातून टाकलेला बराचसा माल जपान्यांच्या हाती पडे. मार्चअखेरचे ते काही दिवस ही माणसे रात्रंदिवस हातघाईवर लढली आणि २६ मार्चच्या रात्री आदेश आल्यावर रानातून बाहेर पडली. कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेचे मोलाचे दिवस तिथे गेले. कोहिमा वाचले त्यात या दिवसांचा वाटा आहे.

कोहिमाला डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यापुढच्या टेनिस कोर्टावर दोन्ही फौजा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर लढल्या. वेढा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात फुटला, लढाई जूनपर्यंत चालली, आणि २२ जून १९४४ रोजी इंफाळ-कोहिमा रस्ता खुला झाला.

आता समोरच्या सेनापतीकडे पाहू. मुतागुची भित्रा नव्हता, त्याचे शिपाई तर विलक्षण शूर होते. पण त्याने तीनेक आठवड्यांचे धान्य देऊन माणसे डोंगरात घातली. बरोबर गुरांचे कळप दिले, त्यांतली बरीच नदीत वाहून गेली, दरीत पडली. पुढचे अन्न ब्रिटिशांच्या कोठारांतून मिळेल, हे गृहीत. ती मिळाली नाहीत. कोहिमापुढे जनरल सातो धान्य आणि दारूगोळा मागून थकला आणि शेवटी हुकूम नसताना आपली डिव्हिजन घेऊन मागे फिरला. जपानी लष्करात डिव्हिजनच्या प्रमुखाने असे करणे ऐकिवात नव्हते. मुतागुचीने तिन्ही डिव्हिजनांचे प्रमुख बडतर्फ केले. तोवर पाऊस सुरू झाला होता. ८५ हजारांपैकी निम्म्याहून अधिक मेले किंवा जायबंदी झाले, आणि त्यांतले कितीतरी गोळीने गेले नाहीत, भुकेने आणि रोगाने वाटेत पडले. शौर्यात दोन्ही बाजू तोलामोलाच्या होत्या. फरक धान्याचा, औषधाचा आणि आपल्या माणसांविषयी सेनापतीला वाटणाऱ्या जबाबदारीचा होता.

इतके सगळे सांगितल्यावर स्लिम म्हणजे नुसता चांगला कोठावळा होता असा समज व्हायला नको. १९४५ च्या सुरुवातीला त्याने इरावतीवर जो डाव टाकला तो युद्धशास्त्राच्या कुठल्याही वर्गात शिकवण्याजोगा आहे. जपानी सेनापती किमुरा मागे सरून इरावतीच्या पलीकडे बसला. त्याला वाटले, स्लिम मंडालेवर चालून येणार. स्लिमने तेच वाटू दिले. एक कोअर मंडालेच्या बाजूने नदी ओलांडू लागला. दुसरा कोअर तिथेच मागे असल्याचे भासवायला खोटे मुख्यालय उभारून बिनतारी संदेश चालू ठेवले, आणि तो खरा कोअर गांगॉच्या खोऱ्यातून, बिनतारी यंत्रे गप्प ठेवून, दक्षिणेकडे सरकला. १४ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याने पगानजवळ न्याउंगूला दीड-दोन किलोमीटर रुंद इरावती ओलांडली. होड्या जुन्या, इंजिने बंद पडत होती, पहिल्या काही होड्या प्रवाहात वाहत शत्रूच्या माऱ्यात सापडल्या. तरी काठ मिळाला आणि रणगाडे मेइकतिलाकडे सुटले. मेइकतिला म्हणजे जपान्यांची कोठारे, विमानतळ, रंगूनकडे जाणाऱ्या वाटांचा सांधा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते पडले. ते घेणारी डिव्हिजन होती सतरावी हिंदी, तीच, जिचे सित्तांगच्या काठावर तीन वर्षांपूर्वी तुकडे झाले होते.

इथे आपल्याला पालखेड आठवते. १७२८ मध्ये थोरले बाजीराव निजामाच्या तोफखान्यावर चालून गेले नाहीत. वऱ्हाड, खानदेश, गुजरात असे त्याला खेळवत राहिले, पुणे त्याच्या हाती पडू दिले आणि त्याच्या मुलखाकडे मोर्चा वळवला. जड तोफा मागे टाकून घाईने निघालेल्या निजामाला त्यांनी वैजापूरजवळ पालखेडला गाठले, दाणा आणि पाणी तोडले. ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला. दोन शतकांचे अंतर, शस्त्रे वेगळी, पण शत्रूला त्याच्या पसंतीच्या जागी भेटायचे नाही आणि घाव घालायचा तो त्याच्या रसदीवर, ही समज एकच. आणि बाजीरावांना ते साधले, कारण त्यांचा स्वार स्वतःची भाकरी खोगिरावर बाळगून चालत होता. रसद सांभाळलेली असेल तरच चपळाई येते.

३ मे १९४५ रोजी रंगून हाती आले. त्यानंतर काही दिवसांतच स्लिमच्या वरिष्ठाने, जनरल लीझ यांनी, त्याला चौदाव्या सेनेवरून दूर करत असल्याचे सांगितले. विजयी सेनापतीला हे बक्षीस! स्लिमने आकांडतांडव केले नाही. पण सेनेत अधिकाऱ्यांपासून शिपायांपर्यंत असा संताप उसळला की लंडनला दखल घ्यावी लागली. त्या उन्हाळ्यातच लीझ यांनाच परत बोलावले गेले आणि त्यांच्या जागी स्लिम आला. शिपाई त्याला अंकल बिल म्हणत. आपल्याकडे गावच्या वडीलधाऱ्याला काका म्हणतात, तसेच ते होते. जीपच्या टपावर उभा राहून, शक्य तिथे त्यांच्याच भाषेत, तो त्यांना काय झाले आणि पुढे काय होणार हे खरे खरे सांगायचा. ही कमाई तिथली.

पुढे तो ब्रिटिश भूदलाचा प्रमुख झाला, फील्ड मार्शल झाला, १९५६ मध्ये त्याचा ‘डिफीट इन्टू व्हिक्टरी’ हा ग्रंथ आला, १९७० मध्ये तो वारला. २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये ब्रिटनची सर्वात मोठी लढाई कोणती यावर मतदान झाले, तेव्हा वॉटर्लू आणि नॉर्मंडी मागे पडले आणि इंफाळ-कोहिमा पहिले आले. त्या लढाईत बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानी होते, हे ब्रिटनमध्ये आता सांगितले जाते. आपल्याकडे ते फारसे सांगितले जात नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या भागांत कितीतरी घरांतून आजोबा-पणजोबा ब्रह्मदेशच्या लढाईवर गेल्याचे सांगतात. कुठे फळीवरच्या ट्रंकेत जुने पेन्शनबुक असते, कुठे निळ्या, नारिंगी, तांबड्या पट्ट्यांच्या फितीचा सहा टोकांचा बर्मा स्टार. आपल्या घरात असे काही असेल तर ते मोडीत घालू नका. कागदाचे, पदकावर नाव-नंबर कोरलेला असेल तर त्याचे, फोटो काढून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजोबा तिकडचे काय सांगत, काय खात, कशाने आजारी पडले ते विचारा आणि लिहून काढा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, पलटणीचा शोध तिथून सुरू करता येतो. सेनापतीने आपला ग्रंथ लिहिला. त्याच्या शिपायाची बाजू लिहायचे काम अजून आपल्याकडे बाकी आहे.